हिरवा डाग नेमका कुठे? फ्लुरोसीन पट्टी आणि बधिर करणारे थेंब वापरून डोळा तपासताना

ऊसतोड सुरू झाली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात एका तळहाताने डोळा झाकून येणारी माणसं वाढतात. पाचटाचं पातं लागलेलं असतं. "काही नाही मॅडम, जरा कचरा गेलाय. थेंब द्या, फडावर परत जायचंय." टॉर्च मारावा तर डोळा लालभडक, पाण्याने डबडबलेला, आणि त्यापलीकडे काहीच दिसत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, काचेसारखा असतो आणि त्यावरचा ओरखडाही तितकाच पारदर्शक. तो डोळ्याला दिसावा म्हणून फ्लुरोसीनचा रंग वापरायचा, आणि दुखण्याने घट्ट मिटलेला डोळा उघडावा म्हणून बधिर करणारा थेंब.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करते. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, वैद्यकीय अधिकारी आणि ऑप्टोमेट्री शिकणारी मुलं यांना जे मी टेबलाशी उभं राहून दाखवते, ते इथे लिहिते आहे. रुग्णांनी वाचलं तरी उपयोग होईल, विशेषतः बाटली घरी मागणाऱ्यांनी. रंग आणि थेंब यांपैकी कशानेही डोळा बरा होत नाही. दोन्ही तपासणीपुरते आहेत, आणि ते कुठल्या क्रमाने वापरता यावर सगळं अवलंबून आहे.

टेबलावर काय हवं

फ्लुरोसीनच्या एकेक सुट्या पाकिटातल्या निर्जंतुक पट्ट्या, प्रोपॅराकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे ०.५ टक्के थेंब, सलाइनची न उघडलेली छोटी बाटली, स्वच्छ कापूस, इअरबड, टिश्यू. निळा उजेड हवाच. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं दिव्याचं यंत्र, असेल तर त्यात निळा फिल्टर असतोच. नसेल तर निळा फिल्टर बसवलेला टॉर्च किंवा ऑफ्थॅल्मोस्कोप चालतो. खोलीला जाड पडदा लावा. दुपारच्या उन्हात खिडकीशी बसून हिरवा डाग शोधू नका, लहान ओरखडा हमखास सुटतो.

रंग बाटलीतून का वापरत नाही, असं मुलं विचारतात. फ्लुरोसीन १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं आणि डोळ्यांचे डॉक्टर पुढे बरीच वर्षं त्याचं द्रावण बाटलीतूनच वापरत होते. पण त्या द्रावणात स्युडोमोनास नावाचा जंतू मजेत वाढतो. हा जंतू जखमी कॉर्नियात शिरला तर एक-दोन दिवसांत डोळा खाऊन टाकू शकतो. म्हणजे ज्याने जखम शोधायची, त्याच्यातूनच जंतू जखमेत जायचा. १९५१ मध्ये रंगात भिजवून वाळवलेली कागदी पट्टी पुढे आली ती यासाठी. म्हणून एका रुग्णाची पट्टी दुसऱ्याला लावायची नाही. एका डोळ्याला संसर्ग वाटत असेल तर त्याच रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यालाही वेगळी पट्टी.

प्रोपॅराकेन फ्रिजमध्ये ठेवा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा आणि महिन्याने टाकून द्या. द्रावण काळपट-तपकिरी दिसलं तर तारीख न बघताच टाका.

थेंब टाकण्याआधीची कामं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रुग्ण विव्हळत असतो, नातेवाईक मागे उभे, आणि हात आपोआप थेंबाच्या बाटलीकडे जातो. थांबा. बधिर झाल्यावर काही गोष्टी तपासताच येत नाहीत.

पहिलं काम विचारपूस. काय लागलं, कधी, आणि त्यानंतर डोळ्यात काय काय घातलं? एरंडेल, मध, आईचं दूध, मेडिकलमधून आणलेला कसला तरी थेंब, सगळं विचारा, रागावू नका. रागावलात तर पुढचं कळणार नाही. कुणाकडून तरी जिभेने कचरा काढून घेतलेला असतो, तेही हळूच विचारून घ्या. आधी कधी दातांच्या किंवा डोळ्यांच्या सुन्न करण्याच्या औषधाने त्रास झाला होता का, हेही इथेच. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायला लावा. मऊ लेन्सला हा रंग चढला की निघत नाही.

दुसरं, नजर. दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, तक्त्यावर. तक्ता नसेल तर बोटं मोजायला लावा, पण लिहून ठेवा. डोळा उघडतच नसेल तर हे एक काम थेंबानंतर करायला हरकत नाही.

तिसरं, छिन्नी-हातोड्याचं काम करताना, गवत कापायच्या यंत्राने किंवा तारेने लागलं असेल तर डोळा फुटलेला तर नाही ना, हे साध्या पांढऱ्या उजेडात बघा. बाहुली एका बाजूला ओढून थेंबाच्या आकाराची झाली आहे, काळसर काहीतरी बाहेर डोकावतंय, डोळा बसल्यासारखा मऊ दिसतोय, यातलं काहीही असलं तर थेंब नाही, पट्टी नाही, पापणी दाबून उघडणं नाही. वर कडक कवच लावा. ते नसेल तर कागदी कपाचा तळ कापून चिकटपट्टीने बसवा, आत कापूस भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, तोंडाने काही देऊ नका आणि रुग्णाला पुढे पाठवा.

चौथं, कॉर्नियाची जाणीव. कापसाची बारीक वात करून बाजूने बुबुळाला हलकेच स्पर्श करा. निरोगी डोळा झटकन मिटतो. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूने ही जाणीव बोथट होते, आणि ते कळायची संधी थेंब पडेपर्यंतच असते. कोरडेपणासाठी अश्रू मोजायची कागदाची पट्टी लावायची असेल तर तीही आधीच.

या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात.

चुना, ॲसिड किंवा सिमेंट गेलेला डोळा मात्र या क्रमाला अपवाद. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पिळताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडतो, आणि चुना आत आत शिरत जातो. तिथे तक्ता नाही, प्रश्न नाहीत. आधी धुणं. बधिर करणारा थेंब लगेच टाका, कारण त्याशिवाय मूल डोळा उघडू देणार नाही. सलाइनचा सेट लावून किमान अर्धा तास धार सोडा. पापणी उलटून चिकटलेले चुन्याचे कण ओल्या इअरबडने काढा. एक कण राहिला तरी धुण्याचं काम वाया जातं. रंग लावायचा तो हे झाल्यावर. आणि घरी किंवा शेतात असं झालं तर सलाइनची वाट बघू नका. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने तिथल्या तिथे धुवायला घ्या.

बधिर करणारा थेंब

रुग्णाला बसवा, डोकं मागे टेकवा. उभ्याने थेंब टाकू नका. डोळ्याला हात लावला की भोवळ येणारी धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. आधी सांगा, "दोन-चार सेकंद चुरचुरेल, मग दुखणं थांबेल." खालची पापणी बोटाने खाली ओढा, वर बघायला सांगा आणि पापणीच्या आतल्या खाचेत एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, कशालाच लागू देऊ नका. एकच थेंब पुरतो. डोळ्यात साधारण ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीचा एक थेंबच त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालावरून ओघळतो, एवढंच.

अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो, आणि साधारण पंधरा मिनिटं राहतो. घशात कडवट चव उतरते. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरला तर कमी उतरते.

या अर्ध्या मिनिटात रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघा. कपाळाच्या आठ्या सैल झाल्या, डोळा आपसूक उघडला, तर दुखण्याचं मूळ बहुतेक वरवर, कॉर्नियावर आहे. थेंब पडूनही डोळा आणि डोकं ठणकतच राहिलं तर मूळ आत आहे: आतली सूज, नाहीतर डोळ्यातलं अचानक वाढलेलं प्रेशर. अशा रुग्णाला "कचरा गेलाय" म्हणून घरी पाठवायचं नाही.

डोळा बधिर करायची ही सोय १८८४ सालची. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचं द्रावण आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात टाकून टाचणीच्या डोक्याने कॉर्नियाला स्पर्श केला, आणि काहीच जाणवलं नाही. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तर त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला. त्याआधी मोतीबिंदूचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी जागा असायचा आणि त्याला सगळं कळत असायचं. प्रोपॅराकेनची बाटली हातात घेतली की मला हे आठवतं.

पट्टी लावणं

हात धुवा. पाकीट फाडा, पट्टीच्या नारिंगी टोकाला बोट लावू नका. त्या टोकावर सलाइनचा एक थेंब वरून टाका. बाटलीचं तोंड पट्टीला टेकवायचं नाही, नळाचं पाणी वापरायचं नाही. जास्तीचा थेंब झटकून टाका. पुन्हा खालची पापणी ओढा, वर बघायला सांगा, आणि ओलं टोक पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरावर क्षणभर टेकवा. कॉर्नियावर टेकवू नका. डोळा बधिर असल्याने रुग्ण तक्रार करणार नाही, पण कागदाच्या कडेने तुम्हीच नवा ओरखडा पाडाल आणि मग तोच शोधत बसाल.

तीन-चार वेळा पापण्या मिटायला सांगा. गालावर आलेला रंग लगेच टिपा. साडीला किंवा शर्टाला लागला तर डाग पडतो, म्हणून आधीच छातीवर टिश्यू धरायला देते. रंग जास्त झाला तर तो चमकण्याऐवजी गढूळ नारिंगी दिसतो. तसं झालं तर सलाइनचे दोन थेंब टाकून पातळ करा.

निळ्या उजेडात काय दिसतं

आता दिवे घालवा. निळ्या उजेडात हा रंग हिरवा चमकतो. कॉर्नियाचं सर्वांत वरचं अस्तर शाबूत असेल तर पाण्यात विरघळणारा हा रंग आत जात नाही, अश्रूंबरोबर वाहून जातो. अस्तर जिथे सोललं, तिथेच तो धरतो. आकार, जागा आणि कडा, या तिन्हींकडे नीट बघा. घाई करायची नाही.

स्पष्ट कडेचा एकच हिरवागार ठिपका किंवा पट्टा हा ओरखडा. कॉर्नियाच्या वरच्या भागात उभ्या बारीक रेघा, जणू कुणी काट्याने ओढल्यात, दिसल्या तर वरच्या पापणीखाली काहीतरी अडकलं आहे आणि प्रत्येक उघडझापेला घासतं आहे. खाली बघायला सांगा, पापणीचे केस धरा, कडेपासून सेंटिमीटरभर वर इअरबड आडवा टेकवा आणि पापणी त्यावरून उलटवा. ज्वारीचं कुसळ, लाकडाचा भुसा, गाडीवर उडालेला किडा बहुतेक वेळा पापणीच्या कडेलगतच्या बारीक खाचेत सापडतो. ओल्या इअरबडने निघतो. कॉर्नियात रुतलेला लोखंडाचा कण मात्र सुईने काढायचा असतो, आणि ते काम शिकलेल्या हातानेच करावं.

दोन्ही डोळ्यांत सगळीकडे असंख्य बारीक ठिपके आणि आदल्या दिवशी वेल्डिंग, तर झगमगाट लागलेला. हा त्रास काही तासांनी, बहुधा रात्री झोपेतून उठवतो. फक्त खालच्या भागात ठिपके असतील तर झोपेत डोळा पूर्ण मिटतो का, हे विचारा. झाडाच्या फांदीसारखी नक्षी, टोकांना बारीक गाठी, ती हर्पिसची. तिथे स्टेरॉइडचा थेंब म्हणजे आगीत तेल.

सगळ्यांत महागात पडणारी चूक अशी: हिरवा डाग दिसला, "ओरखडा" लिहिलं आणि रुग्णाला सोडलं. हिरवा रंग फक्त अस्तर गेल्याचं सांगतो. खाली काय चाललं आहे ते सांगत नाही. म्हणून निळा उजेड बंद करून पांढऱ्या उजेडात तीच जागा पुन्हा बघा. खालचा कॉर्निया काचेसारखा स्वच्छ असेल तर ओरखडा. तिथे पांढुरका, राखाडी ढग असेल तर ती जखम चिघळते आहे, तो व्रण आहे. पाचट, भाताची पात किंवा काट्याने लागलेल्या डोळ्यात तो बुरशीचा असू शकतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात. त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. तपासणीसाठी व्रण खरवडून घ्यायचा असतो, म्हणून अंदाजाने औषधांचा मारा करून पाठवू नका.

रंग लावल्यावर एखाद्या जागेतून गडद नारिंगी थरावर हिरवट ओघळ सतत वाहताना दिसला तर आतलं पाणी बाहेर येतंय, म्हणजे कॉर्निया आरपार फुटला आहे. तिथेच थांबा, कवच लावा, पाठवा.

साधा ओरखडा असेल तर अँटिबायोटिक मलम त्याच दिवशी सुरू करायचं. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी अशाच प्रकारे रंग लावून, निळ्या टॉर्चने ओरखडे शोधले आणि १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. हे २००१ साली छापून आलं. उपकेंद्रात निळा टॉर्च आणि पट्ट्या असाव्यात म्हणून मी जे पत्रामागून पत्र लिहिते ते याच्या जोरावर. पातं लागलेल्या किंवा कॉन्टॅक्ट लेन्सवाल्या डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका, आत ऊब मिळून जंतू वाढतात.

काचबिंदूसाठी प्रेशर मोजतानाही हीच जोडी लागते. स्लिट लॅम्पवरच्या गोल्डमन यंत्रात दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. रंग जास्त झाला तर कडा जाड होतात आणि प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त येतं, कमी झाला तर कमी येतं. सुरकुतीएवढी बारीक रेघ हवी. टोकाची काच प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करून, धुऊन, कोरडी करा. काचेला लागलेलं ब्लीच कॉर्निया भाजतं.

आणि लहान बाळाच्या डोळ्यातून सारखं पाणी येत असेल तर फक्त रंग लावा, थेंबाची गरज नाही. पाच मिनिटांनी बघा. एका डोळ्यात रंग तसाच साचलेला आणि दुसऱ्यातला निघून गेलेला, म्हणजे साचलेल्या बाजूची अश्रूंची नळी तुंबली आहे.

बाटली घरी द्यायची नाही

ग्राइंडिंगचं काम करणारा एक पोरगा नवव्या दिवशी आला. डोळ्यात कण उडाला होता. कुठेतरी तो काढला, तिथे थेंब टाकल्यावर झटकन बरं वाटलं, तर त्याने बाटलीचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि दुकानातून तीच आणली. "दुखायला लागलं की टाकायचो मॅडम. आधी दिवसातून चारदा, मग तासातासाला." मी कापसाची वात कॉर्नियाला लावली. त्याने पापणीही हलवली नाही. बुबुळ ग्लासवर वाफ धरावी तसं धुरकट, मधोमध पांढरं कडं, आणि रंग लावला तर जवळजवळ अख्खा कॉर्निया हिरवा. त्याला त्याच दुपारी पुढे पाठवलं. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं ते कायमचं. वय तेवीस.

हे असं होतं कारण बधिर करणारं औषध अस्तराच्या नव्या पेशींना सरकून जखम भरू देत नाही. उघडझाप मंदावते, अश्रू कमी होतात, आणि दुखत नसल्याने माणसाला कळतच नाही की डोळा विरघळतो आहे. उलट थेंबाचा असर संपला की आधीपेक्षा जास्त दुखतं, म्हणून पुन्हा थेंब. अमेरिकेत आपत्कालीन विभागातले डॉक्टर साध्या ओरखड्याला २४ तासांपुरते मोजके थेंब द्यायला हरकत नाही असं अलीकडे म्हणू लागले आहेत. आपल्याकडे, जिथे निम्मे ओरखडे पिकाच्या पात्याचे असतात आणि दुकानात चिठ्ठीशिवाय दुसरी बाटली मिळते, तिथे मी ते करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. केसपेपरवर थेंबाचं नावसुद्धा रुग्णाला वाचता येईल असं लिहू नका. दुखण्याला तोंडाने घ्यायची गोळी द्या.

घरी सोडताना

अर्धा तास बाकावर बसवून ठेवा. डोळा बधिर असताना तो चोळला तर कळत नाही, आणि लहान मूल तर नखाने नवी जखम करून घेतं, म्हणून आईला त्याचे हात धरायला सांगा. पुढचे काही तास अश्रू पिवळे येतील, नाक शिंकरलं तर रुमालावर पिवळं दिसेल, घाबरू नका, हेही सांगा. सांगितलं नाही तर रात्री फोन येतो. कॉन्टॅक्ट लेन्स डोळा पूर्ण बरा होईपर्यंत बंद.

दोन गैरसमज रुग्ण हमखास घेऊन येतात. या थेंबाने नजर दिवसभर अंधूक होत नाही, ते बाहुली मोठी करायच्या थेंबाने होतं. आणि हाताच्या शिरेतून फ्लुरोसीनचं इंजेक्शन देऊन डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याचे फोटो काढतात, ती तपासणी निराळी. मळमळ आणि क्वचित गंभीर ॲलर्जी होते ती त्यात.

केसपेपरवर एक गोल काढा, त्यात डाग जिथे दिसला तिथे तसाच रेखाटा, मिलिमीटरमध्ये मापून लिहा, वेळ लिहा. उद्या कुणीही तपासलं तरी तुलना करता आली पाहिजे. रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवा आणि पुन्हा रंग लावा. दुखणं वाढलं, नजर कमी झाली किंवा बुबुळावर पांढरं दिसलं तर त्याआधीच यायला सांगा.

फडावर परत जायचं म्हणणारी ती मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, मुकादमाची बोलणी खाऊन. कालच्या गोलात मी ४ मिलिमीटरचा पट्टा काढला होता. आज निळ्या उजेडात दीड मिलिमीटर, खाली कॉर्निया स्वच्छ. थेंब मागितला नाही. दुसरा गोल काढला, तारीख घातली आणि मलमाची दुसरी ट्यूब दिली.